दवणा, मरवा आणि गुंज : प्रेमाच्या वनस्पती, चीनमधल्या आणि आपल्या

(अकादमीच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘प्राचीन चिनी कवितेतील प्रेमप्रतीके आणि मराठी लोकपरंपरा’ असा भारदस्त विषय छापला आहे. तो मीच कळवला होता, तेव्हा तक्रारीला जागा नाही. पण सुरुवातीलाच एक कबुली देते. मला चिनी भाषा येत नाही. चिनी कवितेतलं जे काही मी वाचलं ते आर्थर वेली यांच्या १९३७ सालच्या इंग्रजी भाषांतरातून आणि त्याच्या आजूबाजूच्या टीकाग्रंथांतून. चीनबद्दल अधिकारानं बोलण्याचा माझा दावा नाही. मी निपाणीची. तिथल्या फुलांबद्दल आणि बायकांबद्दल मात्र थोडा अधिकार सांगेन.

हा विषय सुचला तो वर्गात. एम. ए. च्या मुलांना तौलनिक साहित्य शिकवताना मी ‘शिजिंग’ या चिनी गीतसंग्रहाची ओळख करून देत होते. ‘शिजिंग’ म्हणजे गीतांचा ग्रंथ. त्यात ३०५ रचना आहेत. सर्वांत जुन्या रचना ख्रिस्तपूर्व सुमारे अकराव्या शतकाच्या आसपासच्या, आणि शेवटच्या ख्रिस्तपूर्व सातव्या-सहाव्या शतकापर्यंतच्या. त्यातलं एक गीत तरुणतरुणींच्या नाचाचं आहे. त्यात मुलगा मुलीला एका रानफुलाची उपमा देतो, आणि ती त्याला मूठभर मिरं देते. इथं एक मुलगा उठला आणि म्हणाला, “मॅडम, फुलाचं कळलं. पण मिरं देऊन प्रेम कसं काय होतंय?” वर्ग हसला. मीही हसले, कारण उत्तर मला येत नव्हतं.

घरी जाऊन पुस्तकं काढली. भाषांतरातलं मिरं हे आपलं काळं मिरं नव्हेच. ती काटेरी झाडाची, जिभेला झिणझिण्या आणणारी, लिंबासारख्या वासाची फळं. त्या झाडाचं कूळ आणि आपल्या तिरफळाचं कूळ एकच. दुसऱ्या दिवशी मी वर्गात तिरफळाचं नाव काढलं, तेव्हा खानापूरकडची एक मुलगी पटकन म्हणाली, “मॅडम, आमच्यात बांगड्याच्या आमटीत घालतात. वास दिवसभर हाताला राहतो.” मी म्हटलं, हेच ते. ज्या मुलीनं मुठीत धरून ते दिलं तिच्या हाताला, आणि ज्यानं घेतलं त्याच्याही हाताला, तो वास संध्याकाळपर्यंत राहिला असणार. ते देणं वाया जाणारं नव्हतं. शिवाय त्या फळांचे घोस असतात, एका डहाळीला कितीतरी दाणे. पुढे हान राजवटीत सम्राज्ञीच्या महालाच्या भिंतींना हीच फळं मातीत कालवून गिलावा देत. ऊब राहावी, वास राहावा आणि घर लेकरांनी भरावं, ही त्यामागची इच्छा.

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आम्ही शिक्षक मंडळी ‘फूल हे प्रेमाचं प्रतीक’ असं एका वाक्यात सांगून पुढे जातो, आणि खरी गोष्ट मागेच राहते. कुठलं फूल? कुणी तोडलं? कुणाला दिलं? ते माळायचं की हुंगायचं की खायचं? कुणाला ते घ्यायला मनाई होती? हे प्रश्न विचारले नाहीत तर प्रतीक म्हणजे नुसती यादी होते. अशी एक यादी मी स्वतः केलेली आहे. तिच्याबद्दल शेवटी सांगणार आहे.

आधी ‘शिजिंग’मध्ये थोडं थांबू या. त्यात वनस्पती प्रेमाच्या कामाला तीन तऱ्हांनी येते.

पहिली तऱ्हा देण्याघेण्याची. वसंतात दोन नद्यांच्या काठी मुलंमुली जमतात, थट्टामस्करी करतात आणि निघताना एकमेकांना ‘शाओयाओ’ म्हणजे पिओनीचं फूल देतात. दुसऱ्या एका गीतात मुलगी एक आंबट, कठीण फळ टाकते आणि मुलगा बदल्यात जेड रत्नाचा अलंकार देतो. वर सांगतो, ही परतफेड समजू नकोस, हा संबंध टिकावा म्हणून दिलं. म्हणजे हिशेब मुद्दाम बिघडवायचा. फळाला फळ दिलं तर व्यवहार पुरा झाला, माणसं मोकळी झाली. देणं बाकी राहिलं तर नातं राहतं. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, त्यामागे असंच काही असावं.

दुसरी तऱ्हा सारखेपणाची. सासरी निघालेल्या नवरीच्या एका गीतात पीचचं झाड येतं. पहिल्या कडव्यात त्याची फुलं, दुसऱ्यात फळं, तिसऱ्यात दाट पानं. नवरीचं रूप, तिचा वंश आणि तिनं सावली धरलेलं घर, असा तो क्रम. ओटीत नारळ आणि तांदूळ घालणाऱ्या आपल्या बायकांना या गीताचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

तिसरी तऱ्हा मला सर्वांत जवळची वाटते, ती कामाची. एक बाई रानभाजी खुडते आहे. उथळ टोपली, पण ती भरत नाही, कारण मन दूर गेलेल्या माणसाकडे आहे. शेवटी ती टोपली वाटेवरच ठेवून देते. ती भाजी कुठली याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण बरेच जण ते काटेरी बोंडांचं, कपड्यांना चिकटणारं झुडूप मानतात. आपल्याकडे त्याला शंकेश्वर म्हणतात. आपल्या संकेश्वर गावाशी त्याचा संबंध जोडायचा मोह मी आवरते. तर या गीतात ‘प्रेम’ हा शब्द आणायची गरजच पडत नाही. रिकामी टोपली पुरते.

अशाच दुसऱ्या एका छोट्या गीतात कुणीतरी वेल गोळा करायला, सुगंधी पाला खुडायला गेलेलं आहे आणि एका दिवसाचा विरह आधी महिन्यांचा, मग ऋतूंचा, मग वर्षांचा वाटू लागतो. शेवटच्या कडव्यातली वनस्पती ज्या कुळातली आहे, त्याच कुळातला आपला दवणा. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवलं. दवणा म्हणजे आपल्या भागातला चैत्राचा वास. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलाल-खोबऱ्याबरोबर दवणा असतोच. सीमाभागातून सासनकाठ्या घेऊन वाडी रत्नागिरीला जाणारी माणसं परत येतात तेव्हा त्यांच्या पटक्यात दवण्याची काडी खोवलेली असते. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत याच दवण्याचा, दमनकाचा, उत्सव चैत्रात सांगितला आहे आणि त्याचा संबंध मदनाशी, कामदेवाशी जोडलेला आहे. देवाला वाहायचा आणि मदनाचाही मानायचा, असं हे झुडूप आहे. आपल्या लोकांना त्यात विसंगती वाटली नाही.

विद्वानांना मात्र वाटते, चीनमध्येही आणि आपल्याकडेही. ‘शिजिंग’वरच्या जुन्या भाष्यकारांनी यातल्या कितीतरी प्रेमगीतांचा अर्थ राजा आणि अमात्य, सद्गुण आणि दुर्वर्तन असा लावला. नदीकाठची फुलांची देवघेव म्हणजे त्या राज्याच्या ढासळलेल्या नीतीचा पुरावा ठरला. आपल्याकडे ‘गाथासप्तशती’चं काय झालं ते पाहा. हाल सातवाहनाच्या नावावर असलेला हा महाराष्ट्री प्राकृतातला सातशे गाथांचा संग्रह. त्याचा गाभा इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला मानतात, काही गाथा नंतरच्या. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली तो मराठी वाचकांपुढे मोठ्या कष्टानं आणला. तोवर आणि त्यानंतरही साहित्याच्या अभ्यासात या गाथा मुख्यतः अलंकारशास्त्राची उदाहरणं म्हणून जगल्या.

गोदावरीकाठच्या झाडीची ती प्रसिद्ध गाथा इथल्या प्रत्येक शिक्षकानं शिकवली असेल. एक बाई एका धार्मिक गृहस्थाला सांगते की आता खुशाल फिरा, तुम्हाला भिववणारं कुत्रं झाडीतल्या सिंहानं मारलं. आनंदवर्धनानं ती ध्वनीचं उदाहरण म्हणून घेतली आणि आपण ती तशीच शिकवतो : वाच्यार्थ विधीचा, व्यंग्यार्थ निषेधाचा. हे बरोबरच आहे. पण वर्गात आपण हे क्वचित विचारतो की त्या झाडीत दोघांचं काय काय होतं. टीकाकार सांगतात की तो गृहस्थ देवपूजेची फुलं तोडायला तिथं येतो. ती आपल्या माणसाला भेटायला येते. झाडी एकच. तो फुलं तोडत राहिला तर आडोसा विरळ होणार. एकाच फुलावर दोघांचा हक्क आहे आणि तिनं आपला हक्क अक्कलहुशारीनं राखला आहे.

गाथासप्तशतीतल्या वनस्पतींकडे या नजरेनं पाहिलं की वेगळंच चित्र दिसतं. तिथं कमळ आणि आंब्याचा मोहर आहेतच, पण तागाचं शेत, तिळाचं शेत, साळीचं शेत, कापूस, वेताची जाळी, मोहाची झाडं यांची गर्दी आहे. साळीचं शेत पिकून पांढुरकं झालं की मुलगी मान खाली घालून रडते, कारण कापणी झाली की भेटायची जागा गेली. मग तिला कुणीतरी समजावतं की ताग अजून उभा आहे. इथं वनस्पती प्रेमाचं प्रतीक नाही, तर प्रेमाचा आडोसा आहे. पीकपाण्याचं वेळापत्रक हेच प्रेमाचं वेळापत्रक. ज्यानं हंगाम पाहिला नाही, त्याला ही गाथा कळायला तळटीप लागते.

आता थोडं शब्दांच्या खेळाबद्दल. चिनी लोकगीतांत, विशेषतः इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकानंतरच्या दक्षिणेकडच्या गीतांत, फुलांचा अर्थ रंगावासावरून जितका ठरतो तितकाच उच्चारावरूनही ठरतो. कमळासाठी जो शब्द आहे, ‘ल्येन’, तसाच उच्चार माया करणे या अर्थाच्या शब्दाचा. रेशीमधाग्याला ‘स’सारखा जो उच्चार आहे तोच आठवण काढण्याचा. कमळाचा कंद मोडला तरी आतले तंतू तुटत नाहीत, ताणून राहतात. चिनी भाषेत हे आजही मोडलेल्या पण न संपलेल्या नात्याबद्दल बोलतात. निरोप देताना वाळुंजाची फांदी मोडून देण्याची प्रथा होती. तिथंही उच्चाराचाच खेळ : ‘ल्यू’ म्हणजे वाळुंज आणि ‘ल्यू’ म्हणजे थांब. जाणाऱ्याला तोंडानं ‘थांब’ म्हणायची सोय नाही, म्हणून हातात फांदी द्यायची.

तोंडानं म्हणायची सोय नाही, म्हणून फूल पुढे करायचं, ही युक्ती आपल्याकडे उखाण्यात आहे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि घ्यायचं तर जाईजुई, चाफा, मोगरा यांच्या आडून यमक जुळवून घ्यायचं. आमच्या भागात ही रीत दोन्ही भाषांत चालते. कानडीत त्याला ओडपु म्हणतात. एकाच हळदीकुंकवाला एक बाई मराठीत नाव घेते, दुसरी कानडीत, आणि फुलं तीच असतात. नावंसुद्धा जवळजवळ तीच. शेवंती तिकडे सेवंतिगे, दवणा तिकडे दवन, मरवा तिकडे मरुग, केतकी-केवडा तिकडे केदिगे, आणि मल्लिका तिकडे मल्लिगे. सीमेचा प्रश्न आपण पिढ्यान्‌पिढ्या जगलो आहोत, त्यातली दुखणी मी हलकी करू इच्छित नाही. पण नकाशावरची रेघ फुलबाजारातून गेलेली नाही, एवढं नोंदवते. आपल्या बाईची ओवी साडेतीन चरणांची आणि तिकडच्या बाईची त्रिपदी तीन ओळींची. विजयपूर जिल्ह्यातल्या हलसंगी गावच्या मित्रमंडळानं १९३१ साली ‘गरतिय हाडु’ हा जात्यावरच्या आणि घरसंसाराच्या गाण्यांचा संग्रह छापला. त्याच मंडळाच्या दुसऱ्या संग्रहाचं नाव ‘मल्लिगे दंडे’, म्हणजे मोगऱ्याची माळ. साने गुरुजी, सरोजिनी बाबर यांनी मराठीत जे केलं त्याचं हे शेजारघर. आपल्या अभ्यासक्रमात ही दोन घरं एकमेकांकडे जात-येत नाहीत, ही आपली चूक.

आता गुंजेकडे येते. आठव्या शतकात वांग वेई नावाचा थांग काळातला कवी होऊन गेला. त्याची एक चार ओळींची कविता चीनमध्ये शाळकरी मुलांनाही पाठ असते. विषय आहे दक्षिणेत होणारी तांबडी बी. कवी मित्राला एवढंच सुचवतो की या बिया भरपूर वेच, कारण आठवण काढण्याचं काम याच करतात. ही बी नेमकी कुठल्या झाडाची याबद्दल वनस्पतितज्ज्ञांचं एकमत नाही, दोन-तीन दावेदार आहेत. पण त्यातली एक दावेदार आपली गुंज आहे, आणि गुंजेचं चिनी नावच मुळी ‘विरहाचं बी’ अशा अर्थाचं आहे.

आपल्याकडे हीच गुंज सोनाराच्या तराजूत गेली. आठ गुंजा म्हणजे एक मासा, बारा मासे म्हणजे एक तोळा. म्हणजे शहाण्णव गुंजांचं एक तोळा सोनं. कानडीत गुलगंजी. माझ्या लहानपणी निपाणीच्या सराफकट्ट्यावर म्हातारे सोनार अजून गुंजेची भाषा बोलत. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा एक विद्यार्थी म्हणाला, “म्हणजे चिनी लोकांनी प्रेम मोजलं आणि आपण सोनं.” वाक्य टाळ्यांचं होतं, पण मला ते पटलं नाही. मुलीच्या लग्नात किती गुंजा सोनं घातलं, अडल्या वेळी त्यातलं किती मोडलं, मोडताना कोण रडलं, हा आपल्या घरांतला प्रेमाचाच इतिहास आहे. शिवाय गुंज दिसायला सुंदर, पण पोटात चावून गेली तर जीवघेणी. विरहाचं बी आणि सोन्याचं वजन, दोन्हीला ती शोभते.

आता त्या यादीबद्दल. पीएच.डी.साठी मी मराठी कवितेतल्या निसर्गप्रतिमांवर काम केलं. त्यात एका प्रकरणात फुलांचा तक्ता होता. डावीकडे फुलाचं नाव, उजवीकडे अर्थ. मोगरा : शृंगार. चाफा : अबोल प्रीती. पळस : दाहक विरह. मला त्या तक्त्याचा फार अभिमान होता. प्रबंध बांधून आला तेव्हा तो घेऊन मी निपाणीला आईकडे गेले.

माझी आई विड्या वळायची. निपाणी हे तंबाखूचं गाव. तंबाखूचं शेत तुम्ही पाहिलं असेल तर माहीत असेल की पान जाड व्हावं म्हणून शेंडा खुडतात, झाडाला फुलू देत नाहीत. बियाण्यासाठी राखलेली चार रोपं तेवढी फुलतात. अशा गावात, मांडीवर सूप घेऊन, दिवसभर पान कातरून त्यात तंबाखू भरून दोरा बांधायचा, हे तिचं काम. वडील मी अकरा वर्षांची असताना गेले. ते बाजारच्या दिवशी कागदात गुंडाळून अबोलीची वेणी आणत आणि कोनाड्यात ठेवून देत. हातात कधी दिली नाही. ती कधी ‘आणली का’ म्हणून विचारत नसे. थोड्या वेळानं वेणी तिच्या केसांत दिसायची. ते गेल्यावर वेणी बंद झाली. पण दारात तुळशीशेजारी डालड्याच्या जुन्या डब्यात मरवा होता, तो तिनं राखला. शेजारच्या मुलींना, मला, वेणीत गुंफायला ती त्यातल्या काड्या खुडून द्यायची.

मी तिला तक्ता वाचून दाखवला. ती लिहिणारी-वाचणारी नव्हती, पण लक्ष देऊन ऐकत होती. ऐकून म्हणाली, “आणि मरवा कुठं हाय?”

मी म्हटलं, “आई, मरव्याचं फूल दिसण्यासारखं नसतं. तो पाल्याचा. आणि कवितेत फारसा येत नाही.”

“आबोलीला रंग हाय, वास न्हाई. येणीला वास येतो तो मरव्याचा. हे लिवलं न्हाईस व्हय?”

मी गप्प. मग ती सूप बाजूला ठेवून म्हणाली, “तुजा बा गेल्यावर म्हातारी म्हणाली, आता फूल माळायचं न्हाई. न्हाई माळलं. पर वास घ्यायचा न्हाई असं कोण म्हणालं न्हाई. रोज रातीला एक काडी उशाखाली ठेवतो मी.”

आमच्याकडे बायका स्वतःबद्दल ‘मी ठेवतो’ असंच बोलतात. सतरा-अठरा वर्षं ती त्या उशीवर निजत होती आणि त्याच खोलीत मी अभ्यास करून डॉक्टर झाले होते. मला पत्ता नव्हता. प्रबंधात मी ‘शृंगार’ आणि ‘विरह’ यांच्यावर साठ पानं लिहिली होती, आणि त्यात विधवेला फूल नाकारलं जातं या एका गोष्टीवर एक ओळही नव्हती. फूल हे प्रेमाचं प्रतीक असेल तर ते ज्यांच्याकडून काढून घेतलं जातं त्यांच्या बाजूनंही त्या प्रतीकाचा अर्थ लिहायला हवा. तो तक्त्याच्या उजव्या रकान्यात मावत नाही.

त्यानंतर मी इंदिरा संत पुन्हा वाचल्या. आपल्या बेळगावच्या. याच गावात त्यांनी शिक्षकांना शिकवलं, याच गावात लिहिलं. त्यांचे पती ना. मा. संत १९४६ साली गेले. १९५१ मध्ये ‘शेला’ आला आणि १९५५ मध्ये ‘मेंदी’. मेंदी हे सौभाग्याचं लेणं. पतीच्या निधनानंतर नऊ वर्षांनी आलेल्या संग्रहाचं नाव ‘मेंदी’ आहे, हे मी विद्यार्थिदशेत कितीदा वाचलं असेल, पण त्यावर कधी थांबले नाही. कवयित्रीच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण मेंदीचा पाला हिरवा असतो आणि वाटल्यावर, चुरल्यावर त्यातून तांबडा रंग उतरतो, हे ज्या वाचकाच्या हातांना माहीत आहे, त्याला हे शीर्षक वेगळं ऐकू येतं. त्याच इंदिराबाईंनी पुढे ‘मालनगाथा’त अनाम बायकांच्या ओव्या जमवून त्यांच्यावर लिहिलं. साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या कवयित्रीनं जात्यापाशी बसून ओवीतली मालन समजून घ्यावी, याला मी आपल्या सीमाभागाचं मोठं भाग्य समजते. आपल्या महाविद्यालयांत ‘गर्भरेशीम’ शिकवतात. ‘मालनगाथा’ मात्र ग्रंथालयात मागवावी लागते.

मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनानं इतर गावांनी तो आदर्श घ्यावा असं परिपत्रक काढलं. हेरवाड आपल्यापासून फार लांब नाही. तो ठराव मी वर्गात वाचला, गाथासप्तशतीच्या तासाला. एका मुलानं विचारलं की हा साहित्याचा विषय आहे का. मी म्हटलं, फुलाचा अर्थ बदलण्याचा ठराव आहे, त्यामुळे साहित्याचाच आहे.

शेवटी माझ्या काळजीची गोष्ट सांगते. मागच्या वर्षी मी वर्गातल्या अठ्ठावीस मुलांना दवणा, मरवा, अबोली, गुंज आणि ताग ओळखता येतो का असं विचारलं. पाचही ओळखणारं एकच निघालं, आणि तिचं शिक्षण कानडी माध्यमात झालेलं होतं. तिची आजी फुलं विकते. मी मुलांना दोष देत नाही. दारापुढचं अंगण फरशीचं झालं, मिश्र पिकं जाऊन शिवारभर ऊस आला, वेणी बाजारातून तयार येते. पण झाड गेलं की ओवीतला शब्द आधी कठीण होतो, मग नुसता गोड होतो, आणि मग गाळला जातो. चिनी तिरफळाचं माझ्या वर्गात जे झालं तेच उद्या दवण्याचं होईल. कुणीतरी विचारेल, “मॅडम, दवणा देऊन प्रेम कसं काय होतंय?”

म्हणून इथं जमलेल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपापल्या गावातल्या एका म्हातारीकडून, मराठी असो वा कानडी, एका वनस्पतीची माहिती लिहून घ्या. तिचं दोन्ही भाषांतलं नाव, ती कोण लावतं, कोण खुडतं, कुणी कुणाला द्यायची, कुणी माळायची, कुणी माळायची नाही आणि ती कुठल्या ओवीत, त्रिपदीत किंवा उखाण्यात येते, एवढंच. एक पान पुरे. अकादमीनं अशी शंभर पानं जमवली तर तो एक चांगला कोश होईल. माझं पहिलं पान मी मरव्यावर लिहून आणलं आहे, ते अध्यक्षांकडे देते.

आई सहा वर्षांपूर्वी गेली. डबा गंजून तळ गेला होता. मरव्याच्या काड्या मात्र लागतात, फार कष्ट पडत नाहीत. बेळगावात माझ्या गच्चीवर आता चार कुंड्या आहेत. ज्यांना काडी हवी असेल त्यांनी कार्यक्रमानंतर भेटावं, पिशवी भरून आणली आहे.